दोन टूरिंग मोटरसायकलींतून एक निवडताना

निवड शेवटच्या दोन टूरिंग मोटरसायकलींवर येऊन ठेपली, की मोकळ्या महामार्गावर त्या दोन्ही उत्तम धावतात हे गृहीत धरायला हरकत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास जाणे हे या वर्गातल्या गाडीचे मूळ कामच आहे आणि त्यात कमी पडणारी गाडी तुमच्या यादीत एवढी वर आलीच नसती. खरा कस लागतो तो वेगळ्याच वेळी: सामान खच्चून भरलेले आहे, मागे माणूस बसलेला आहे, दिवसभराचा शीण अंगात आहे, आणि गाडी खडीच्या उतरत्या जागेतून मागे ओढून बाहेर काढायची आहे. आपल्या प्रवासातली अशी सगळ्यात अवघड पंधरा मिनिटे डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही गाड्या तपासल्या, तर आकड्यांच्या तक्त्याने न सुटलेला प्रश्न बहुतेक वेळा सुटतो.

पुढचे विवेचन हवेत राहू नये म्हणून दोन ओळखीच्या गाड्या उदाहरणासाठी घेऊ: होंडाची २०१८ नंतरची गोल्डविंग टूर आणि बीएमडब्ल्यूची आर १२५० आरटी. दोन्ही शाफ्ट ड्राइव्हच्या (म्हणजे मागचे चाक चेनऐवजी दांड्याने फिरवणाऱ्या), दोन्ही आडव्या सिलिंडरांच्या, दोन्ही दोघांच्या दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या. तरी स्वभाव पूर्ण वेगळे. (गंमत म्हणजे १९७५ साली पहिली गोल्डविंग आली तेव्हा तिला ना फेअरिंग (वारा अडवणारे पुढचे आवरण) होते ना बॉक्स, कारखान्यातूनच फेअरिंग आणि बॉक्स घेऊन आलेली गोल्डविंग १९८० मध्ये दिसली. बीएमडब्ल्यूची आर १०० आरटी त्याआधी, १९७८ मध्येच, मोठे फेअरिंग घेऊन आली होती.) तुमच्यासमोरच्या दोन गाड्या दुसऱ्या असतील तर नावे बदलावीत, तपासण्याची रीत तीच राहील.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी एक कागद घेऊन गेल्या दोन-तीन वर्षांत आपण प्रत्यक्षात कसे फिरलो ते लिहून काढावे. कसे फिरायला आवडेल ते लिहू नये, कारण तिथे सगळेच जण महिनाभराच्या मोहिमा लिहितात. दिवसाला साधारण किती किलोमीटर होतात, मागे कोणी असते का आणि असल्यास किती वेळा, मुक्कामाच्या ठिकाणी गाडी कुठे लागते, घाटरस्ते जास्त की सरळ महामार्ग, शेवटचे काही किलोमीटर कच्चे असतात का, या प्रश्नांची खरी उत्तरे समोर असली म्हणजे शोरूममधल्या झगमगाटात पाय जमिनीवर राहतात. या कागदावर ‘बहुतेक वेळा एकटाच’ असे आले, तर दोघांसाठी बांधलेल्या अवजड गाडीची बाजू तिथेच बरीच लंगडी पडते.

वजन: चालताना नव्हे, थांबल्यावर

आर १२५० आरटीचे इंधनासह वजन २७९ किलो आहे, गोल्डविंग टूरचे सुमारे ३८० किलो. फरक शंभर किलोंचा, म्हणजे एका धडधाकट माणसापेक्षा जास्त. पण हा फरक नुसता वाचून उपयोग नाही, कारण वजन किती आहे याच्याइतकेच ते कुठे आहे याला महत्त्व असते. आडव्या सिलिंडरांमुळे दोन्ही इंजिनांचे वजन खाली राहते. त्यातही गोल्डविंगची सीट ७४५ मिलिमीटर उंचीवर, तर आरटीची ८०५ किंवा ८२५ मिलिमीटरवर. परिणाम असा, की बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय गोल्डविंगवर पूर्ण टेकतात आणि शंभर किलो जास्त असूनही उभ्या गाडीवर तो अधिक निर्धास्त असतो, तर तोच माणूस आरटीवर टाचा उचलून चवड्यांवर उभा असतो. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर चवड्यांवर तोललेली हलकी गाडीही भारी वाटू लागते.

सीटची नुसती उंची मात्र फसवी असते. सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचायला तेवढे कमी पडतात, म्हणून रायडिंगचे बूट घालून प्रत्यक्ष बसूनच खात्री करावी.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून पुढची हालचाल करावी. गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी करावी, हँडल पूर्ण डावीकडे वळवून पायांनी ढकलत दहा पावले मागे न्यावी, मग उजवीकडे वळवून तेवढीच. शक्य असेल तर हे अगदी थोड्या चढावर करून पाहावे. पार्किंगमध्ये चुकून नाक खाली करून लावलेली गाडी बाहेर काढताना हेच करावे लागते, आणि बहुतेक जड गाड्या पडतात त्या अशाच वेळी, शून्य वेगाला. गोल्डविंगला यासाठी रिव्हर्सची सोय आहे. ड्युअल क्लच (आपोआप गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सच्या मॉडेलमध्ये तर पायी चालण्याहूनही कमी, ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने पुढे आणि मागे सरकण्याची व्यवस्था आहे. कागदावर ही सोय चैनीची वाटते. ३८० किलोंवर दोन माणसांचे सामान चढवले की ती गरज होते. आरटीला रिव्हर्स नाही, आणि २७९ किलोंना ती नसली तरी बऱ्याच जणांचे भागते, पण ‘बऱ्याच जणांत’ आपण बसतो का हे त्या दहा पावलांतच कळते.

मेन स्टँडचीही एकदा परीक्षा घ्यावी. त्याच्या फाट्यावर पूर्ण वजन दिल्यावर गाडी आपसूक वर चढायला हवी. हातांनी उपसावी लागत असेल तर पद्धत तरी चुकते आहे किंवा ती गाडी तुमच्यासाठी नाही. आणि गाडी पडलीच तर ती एकट्याने उचलता येईल का, हा प्रश्न टाळू नये. आडव्या इंजिनाच्या गाड्या सिलिंडरवर किंवा लेगगार्डवर टेकतात, पूर्ण आडव्या होत नाहीत, त्यामुळे उचलण्याचे अर्धे काम तिथेच वाचते. गाडीकडे पाठ करून, खाली बसून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा भक्कम दांडा धरून पायांच्या ताकदीने मागे रेटत नेणे ही रीत कोणत्याही जड गाडीला लागू पडते. कमरेतून वाकून उचलायला गेल्यास गाडी जागची हलत नाही आणि पाठ मात्र जाते.

इंजिन: अश्वशक्तीपेक्षा टॉर्क कुठे मिळतो ते पाहावे

आरटीचे १२५४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन १३६ अश्वशक्ती देते, गोल्डविंगचे १८३३ सीसीचे सहा सिलिंडरांचे इंजिन १२६ च्या घरात. नुसते एवढे पाहिले तर आरटी पुढे. पण आरटीचा कमाल टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, १४३ न्यूटन मीटर असून तो ६२५० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) मिळतो आणि गोल्डविंगचा १७० न्यूटन मीटर ४५०० आरपीएमलाच. व्यवहारात याचा अर्थ असा, की गोल्डविंगवर चढावर मालमोटार ओलांडताना गिअर खाली टाकण्याची गरज क्वचितच पडते. आरटीवर चपळाई हवी असेल तर गिअर बदलावा लागतो, पण बदलल्यावर ती शंभर किलो हलकी गाडी ज्या तडफेने वळणातून बाहेर पडते ती गोल्डविंगला साधत नाही. ज्याला गिअर बदलण्यातच चालवण्याचा आनंद वाटतो त्याने आरटीकडे झुकावे, आणि मागे बसणाऱ्याचे हेल्मेट दर गिअरला आपल्या हेल्मेटवर आपटते याचा ज्याला कंटाळा आहे त्याने गोल्डविंगकडे.

कंपनांचा मुद्दा स्वतः चालवूनच ठरवावा. सहा सिलिंडर शिवणयंत्रासारखे एकसारखे चालतात. आरटीच्या दोन सिलिंडरांच्या बॉक्सरमध्ये (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात) ठोके जाणवतात, आणि थांबलेल्या गाडीवर थ्रॉटल पिळला की क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने असल्यामुळे गाडी किंचित एका बाजूला झुकते. काहींना ही लकब आवडते, काहींना महिन्याभरात नकोशी होते. आपण ज्या वेगाने जास्तीत जास्त वेळ जातो, त्या वेगाला वरच्या गिअरमध्ये वीस मिनिटे सलग चालवून हातांना मुंग्या येतात का ते पाहावे. क्षणभर थ्रॉटल पिळून यातले काहीच कळत नाही.

पुढच्या सस्पेन्शनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. नेहमीच्या फोर्कऐवजी आरटीत टेलिलिव्हर ही बीएमडब्ल्यूची रचना आहे आणि गोल्डविंगमध्ये २०१८ पासून डबल विशबोन, म्हणजे मोटारीसारखी दोन आडव्या भुजांची रचना. रचना वेगवेगळ्या असल्या तरी दोन्हींत ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणे बरेच कमी झाले आहे. मागे माणूस असताना तो पुढे ढकलला जात नाही, हा याचा मोठा फायदा. नेहमीच्या फोर्कवरून येणाऱ्याला मात्र पुढचे चाक काय करते आहे हे हातांना नीट कळत नाही, असे सुरुवातीला वाटते. ही भावना सहसा सवयीने जाते, तेव्हा तेवढ्यावरून गाडी नाकारू नये.

वारा, सीट आणि मागचा माणूस

विंडस्क्रीन जेवढा उंच तेवढा चांगला, हा समज सोडून द्यावा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली असावी आणि नजर तिच्यावरून जावी, म्हणजे पावसात आणि रात्री पाण्याच्या थेंबांतून पाहण्याची वेळ येत नाही. दोन्ही गाड्यांचे स्क्रीन बटणाने वर-खाली होतात, त्यामुळे शोरूममध्ये दोन्ही सारखेच वाटतात. फरक असतो तो कडेवरून सुटलेला वारा हेल्मेटवर कुठे आदळतो यात, आणि ते तुमच्या धडाच्या उंचीवर अवलंबून असते. मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाला जाताना डावा हात हळूहळू चेहऱ्यासमोरून वर नेला, की शांत हवा कुठे संपते आणि गोंगाट कुठे सुरू होतो ते बोटांना नेमके समजते. हेल्मेट त्या रेषेवरच येत असेल तर डोके दिवसभर थरथरत राहील, आणि संध्याकाळी दुखणारी मान हा त्याचाच हिशेब असतो.

सीटबाबत उतावीळ होऊ नये. पहिल्या दहा मिनिटांत मऊ सीट नेहमीच जिंकते. तास उलटून गेल्यावर ती दबून खालचा कठीण भाग टोचू लागतो आणि आधी घट्ट वाटलेली सीट बरी ठरते. म्हणून टेस्ट राइड निदान तासाभराची मिळवावी, आणि शोरूम ती देत नसेल तर एखाद्या दिवसासाठी तीच गाडी भाड्याने घेणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणा खर्च आहे. गुडघ्याचा कोन, मनगटावर येणारा भार आणि खांद्यांची ठेवण ही तिन्ही तासाभरानंतरच खरे बोलतात.

मागे बसणाऱ्याला त्याच तासात सोबत न्यावे आणि त्याचे मत स्वतःच्या मताच्या बरोबरीने धरावे. गोल्डविंग टूरच्या मागच्या सीटला पाठ टेकायला जागा आहे, टॉप बॉक्सला टेकून माणूस आरामात बसतो. आरटीची मागची सीटही चांगली आहे, पण तिथे बसणाऱ्याला थोडे अधिक सावध राहावे लागते आणि गुडघे थोडे अधिक मोडतात. चालवणाऱ्याला आवडलेली आणि मागच्याला सोसावी लागणारी गाडी वर्षभरात एकट्याची गाडी होते. तसे होणार असेल तर मुळात एकट्याच्या सोयीची गाडीच घ्यावी.

वजनाची मर्यादा

हा हिशेब फार थोडे लोक करतात. गाडीच्या कमाल परवानगी असलेल्या एकूण वजनातून तिचे स्वतःचे वजन वजा केले, की उरते ती वाहण्याची क्षमता. आरटीची कमाल मर्यादा ५०५ किलो आहे, म्हणजे ५०५ वजा २७९, उरले २२६ किलो. चालवणारा जॅकेट, बूट आणि हेल्मेटसह ९५ किलो, मागे बसणारा तशाच जामानिम्यासह ७५ किलो धरला, तर १७० किलो तिथेच गेले. उरलेल्या ५६ किलोंत टॉप बॉक्स, त्यातले सामान, पंक्चरचे साहित्य आणि टँकवरची बॅग बसवायची. बसते, पण ऐसपैस नाही. दुसऱ्या गाडीचा हाच आकडा तिच्या पुस्तिकेतून किंवा चौकटीवरच्या पट्टीवरून घेऊन शेजारी लिहावा, कारण मोठी दिसणारी गाडी जास्त वाहते असे नाही. तिचे बरेचसे वजन तिने स्वतःच खाल्लेले असते. बॉक्स किती लिटरचा याच्याइतकेच त्यात किती किलो ठेवायची परवानगी आहे हेही पाहावे. आतल्या बाजूला तसे लिहिलेले असते आणि तो आकडा वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

बॉक्सची बाकी परीक्षा सोपी आहे: आपली नेहमीची बॅग आणि हेल्मेट घेऊन जावे व आत ठेवून पाहावे. गोल्डविंगचे बाजूचे बॉक्स गाडीतच बांधलेले आहेत, आरटीचे काढून खोलीत नेता येतात. मुक्काम रोज बदलणाऱ्यासाठी हा फरक लिटरच्या फरकापेक्षा मोठा आहे.

इंधन, टायर, सर्व्हिस

आरटीची टाकी २५ लिटरची आणि कंपनीच्या आकड्यानुसार ॲव्हरेज लिटरला सुमारे २१ किलोमीटर. गोल्डविंगची टाकी २१ लिटरची, ॲव्हरेज सुमारे १८. टाकीत चारेक लिटर राखून ठेवायचे म्हटले तरी आरटी ४४० किलोमीटर जाईल आणि गोल्डविंग ३०० च्या आसपास. जोराचा वारा समोरून असला किंवा वेग वाढला की दोन्ही आकडे खाली येतात. तरीही या फरकाला किती किंमत द्यायची ते आपल्या रस्त्यांवरून ठरवावे. दोनशे-अडीचशे किलोमीटरनंतर शरीर असेही थांबायला लावते, त्यामुळे जिथे पंप जवळजवळ आहेत तिथे गोल्डविंगचा पल्ला पुरतो. जिथे ते दूरदूर आहेत तिथे आरटीची जास्तीची टाकी चिंता घालवते.

टायरचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आरटीला पुढे १२०/७० आणि मागे १८०/५५ हे १७ इंची टायर लागतात, आणि हीच मापे असंख्य स्पोर्ट आणि टूरिंग गाड्यांना लागत असल्यामुळे दूरच्या गावीही काही ना काही मिळण्याची शक्यता चांगली असते. गोल्डविंगला पुढे १८ इंची १३०/७० आणि मागे १६ इंची २००/५५ लागतो. या मापांत निवड थोडी आणि अडल्या वेळी दुकानात तयार मिळेल याची खात्री कमी. लांबच्या मोहिमेच्या मध्यावर टायर संपणार असेल तर आधीच बंदोबस्त करावा लागतो.

सर्व्हिसच्या बाबतीत पुस्तिकेतले वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. आर १२५० आरटीची सर्व्हिस दर १०,००० किलोमीटरला आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (इंजिनच्या झडपांमधल्या फटीची) तपासणी २०,००० ला येते, पण बॉक्सरचे सिलिंडर बाहेर उघड्यावर असल्यामुळे ती तपासणी करणे सोपे असते. उलट गोल्डविंगवर एरवी किरकोळ समजले जाणारे एअर फिल्टरचे काम वरचे बरेच प्लॅस्टिक उतरवल्याशिवाय होत नाही. किती किलोमीटरला काम निघते आणि त्या कामाला किती तास लागतात, या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. तुमच्या दोन गाड्यांपैकी एक चेनची असेल, तर दर पाचशे ते हजार किलोमीटरला वंगण आणि अधूनमधून ताण तपासणे आले. त्या बदल्यात चेनची गाडी सहसा हलकी असते आणि चेन-स्प्रॉकेट कुठलाही मेकॅनिक बदलू शकतो.

म्युझिक सिस्टीम, नकाशे, फोनची जोडणी यांवर वेळ घालवू नये. २०१८ ची गोल्डविंग ही ॲपल कारप्ले असलेली पहिली मोटरसायकल होती हे खरे, पण पडद्यावरच्या सोयी जुन्या होतात आणि हँडलवर लावलेला साधा फोन त्यांतले बरेचसे काम करतो. गरम ग्रिप आणि क्रूझ कंट्रोल तेवढे दोन्हींत आहेत का पाहावेत.

टेस्ट राइडचा क्रम

दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, मागे तोच माणूस घेऊन चालवाव्यात. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी: या दोन्ही गाड्यांना पुढे ३६ पीएसआय आणि मागे ४१-४२ पीएसआय लागते. प्रदर्शनाच्या गाडीत हवा कमी असणे अगदी सामान्य आहे, आणि पाच-सात पीएसआय कमी असले तरी हँडल जड होऊन चांगली गाडी आळशी वाटते. मग प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा आधीचा ताण, दोघांच्या वजनाला जुळवून घ्यावा. गोल्डविंग टूरमध्ये तो बटणाने होतो, आरटीत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर तिथेही, पण एकट्याच्या सेटिंगवर दोघांनी चालवून दिलेला निकाल कुचकामी असतो.

सुरुवात रिकाम्या मोकळ्या जागेत करावी. पहिल्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक हलका दाबून, दोन लेनच्या रुंदीत यू-टर्न दोन्ही बाजूंना घ्यावा, आधी एकट्याने आणि मग दोघांनी. त्यानंतर गर्दीचा रस्ता, म्हणजे इंजिनची गरम हवा पायांवर कुठे येते ते कळेल. मग वळणांचा रस्ता, ज्यात वळणाच्या मध्येच खड्डा आल्यावर गाडी रेषा सोडते का ते पाहावे, आणि शेवटी महामार्गाचा सलग अर्धा तास. उतरल्या उतरल्या, विक्रेत्याशी बोलण्याआधी, दोघांनी आपापले शेरे वेगवेगळे लिहावेत.

हे सगळे करून दोन्ही गाड्या समसमानच ठरल्या, तर ज्या गाडीचे जाणते वर्कशॉप घराजवळ आहे तिच्याकडे झुकावे. जुनी गाडी घेत असाल तर मॉडेलच्या नावापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली गाडी घ्यावी: फायनल ड्राइव्हचे (शाफ्टच्या मागच्या चाकाकडील गिअरचे) तेल कधी बदलले, ब्रेकचे ऑइल दर दोन वर्षांनी बदलले गेले का, टायरवरचा चार आकडी शिक्का कोणत्या आठवड्याचा आणि वर्षाचा आहे, आणि बॉक्सच्या तळाशी किंवा सिलिंडरच्या कव्हरवर खरचटल्याच्या खुणा आहेत का, एवढे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.